नॅनोकणांच्या चमकेतून नक्कलरोधक खूण: आखणीपासून पडताळणीपर्यंत

३६५ नॅनोमीटर तरंगलांबीची यूव्ही (अतिनील) टॉर्च आज कोणालाही सहज विकत मिळते, आणि तिच्याखाली चमकणारी शाईही तितक्याच सहज मिळते. वेष्टनावरचे अदृश्य चिन्ह टॉर्चखाली हिरवे उजळले म्हणून वस्तू अस्सल मानायची, ही पद्धत त्यामुळे आता पुरेशी राहिलेली नाही; नक्कल करणाराही तीच टॉर्च आणि तशीच शाई घेऊन बसलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दर दहा वैद्यकीय उत्पादनांमागे सुमारे एक निकृष्ट किंवा बनावट असते. रुग्णाच्या हातात पडणारी ती एक गोळ्यांची पट्टी वेळेत ओळखता यावी, इतक्या गांभीर्याने हे काम करावे लागते.

प्रकाश देणारे नॅनोपदार्थ इथे उपयोगी पडतात, कारण त्यांचा प्रकाश कोणत्या अटींवर बाहेर पडेल हे आपल्याला ठरवता येते. कोणत्या तरंगलांबीने उद्दीपित केल्यावर, किती तीव्रतेला, किती वेळ आणि कोणकोणत्या रंगांच्या कोणत्या प्रमाणात हा प्रकाश मिळेल, हे प्रश्न मोजमाप करून विचारता आले तरच त्या खुणेला सुरक्षा म्हणता येते. पुढच्या सर्व पायऱ्या याच कसोटीभोवती रचलेल्या आहेत.

पायरी १: पदार्थाच्या आधी तपासनीस ठरवा

बहुतेक प्रकल्प इथेच चुकतात. प्रयोगशाळेत एखादा सुंदर चमकणारा पदार्थ तयार होतो, आणि मग तो कुठे वापरता येईल याचा शोध सुरू होतो. आपण उलट्या दिशेने जावे. खूण कोण तपासणार, कुठे तपासणार, त्याच्या हातात कोणते साधन असणार आणि निर्णयासाठी त्याला किती सेकंद मिळणार, हे आधी कागदावर लिहून काढावे. औषध विकत घेणाऱ्या माणसाजवळ फक्त डोळे आणि मोबाइल असतो. गोदामातल्या निरीक्षकाजवळ हातात मावणारे वाचक यंत्र असू शकते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत वर्णपट मोजणारा स्पेक्ट्रोमीटर आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक दोन्ही असतात. या क्षेत्रात उघड, छुपी आणि न्यायवैद्यक अशा ज्या तीन पातळ्या मानल्या जातात, त्या या फरकातूनच आलेल्या आहेत. वस्तूंच्या अस्सलपणाच्या पडताळणीसाठी उपाय कसा निवडावा आणि त्याची कामगिरी कशी जोखावी, याची चौकट आयएसओ २२३८३ या २०२० च्या मानकात दिलेली आहे. ते आधी वाचून घेतले तर पुढचा बराच गोंधळ टळतो.

त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला हल्ल्यांची यादी करावी. चिन्ह स्कॅन करून पुन्हा छापणारा, बाजारातले दिसायला तसेच रंगद्रव्य वापरणारा, अस्सल वेष्टनावरचे लेबल सोलून बनावट मालावर चिकटवणारा, आणि आपल्याच छपाई केंद्रातून शाई बाहेर नेणारा, असे निदान चार वेगवेगळे माणूस डोळ्यांसमोर ठेवावेत. यांपैकी शेवटच्या दोघांना कोणतीही शाई एकटी अडवू शकत नाही. सोलताच फाटणारा थर आणि शाईचा ग्रॅमागणिक हिशेब ही कामे रसायनशास्त्राच्या बाहेरची आहेत, तरी ती आराखड्यात पहिल्या दिवसापासून असावी लागतात.

पायरी २: पदार्थाची निवड

क्वांटम डॉट हे अर्धवाहकाचे इतके लहान कण असतात की त्यांच्या आकारावरच त्यांचा रंग ठरतो. कॅडमियम सेलेनाइडचा साधारण २ नॅनोमीटरचा कण निळा प्रकाश देतो, तर ६ नॅनोमीटरचा कण तांबडा. या शोधासाठी मौंगी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सेई एकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रंग शुद्ध, उत्सर्जनाचा पट्टा अरुंद आणि एकाच दिव्याने अनेक रंग उद्दीपित करता येतात, त्यामुळे रंगांच्या प्रमाणावर आधारित संकेतांसाठी ते उत्तम आहेत. अडचण विषारीपणाची आहे. युरोपीय संघाच्या आरओएचएस नियमांत विद्युत उपकरणांतील एकजिनसी पदार्थामध्ये कॅडमियमची मर्यादा वजनाने ०.०१ टक्का आणि शिशाची ०.१ टक्का आहे. खाद्यपदार्थ किंवा औषध यांच्या जवळपास कॅडमियमचा विचार मी तरी करणार नाही. इंडियम फॉस्फाइडचे कण हा त्याला पर्याय आहे. सिझियम, शिसे आणि हॅलोजन यांचे पेरोव्स्काइट नॅनोस्फटिक २०१५ मध्ये झुरिकच्या ईटीएच संस्थेतील गटाने प्रसिद्ध केले. त्यांची चमक डोळे दिपवणारी असली तरी पाणी लागताच ते विघटित होतात. ज्या खुणेचे काम ओलावा लागल्याची साक्ष देणे हेच आहे, तिथे हा दोष गुण ठरू शकतो; इतरत्र त्यांना पॉलिमरच्या किंवा सिलिकाच्या कवचात बंद करावे लागते.

कार्बन डॉट २००४ मध्ये कार्बन नॅनोनळ्या शुद्ध करताना योगायोगाने सापडले. ते पाण्यात सुटे राहतात, स्वस्त पडतात आणि त्यांत जड धातू नसतात. शिकण्यासाठी यांच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. पण कोणीही ते बनवू शकतो, आणि सुरक्षेच्या दृष्टीने हीच त्यांची दुबळी बाजू आहे.

युरोपियम, टर्बियम यांसारख्या लँथॅनाइड मूलद्रव्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा प्रकाश अणूच्या आतल्या, बाहेरच्या परिसरापासून झाकलेल्या इलेक्ट्रॉनांतून येतो, म्हणून त्यांच्या वर्णरेषा बारीक असतात आणि जागा सोडत नाहीत: युरोपियमची ठळक तांबडी रेषा ६१२ ते ६१५ नॅनोमीटरच्या आसपास, टर्बियमची हिरवी ५४५ च्या आसपास. शिवाय सेंद्रिय रंगद्रव्यांची चमक काही नॅनोसेकंदांत विझते, तर यांची मिलिसेकंदाच्या पल्ल्यात रेंगाळते. हा फरक लाखो पटींचा आहे आणि पुढच्या पायरीत तोच आपल्या सर्वाधिक कामी येणार आहे.

अपकन्व्हर्जन नॅनोकण याच कुळातले, पण वागायला उलटे. नेहमीच्या चमकीत अधिक ऊर्जेचा प्रकाश आत जातो आणि कमी ऊर्जेचा बाहेर येतो. इथे अदृश्य अवरक्त प्रकाशाचे दोन-तीन फोटॉन एकामागून एक शोषले जाऊन दृश्य प्रकाशाचा एक फोटॉन बाहेर पडतो. या प्रक्रियेचा पाया फ्रान्स्वा ओझेल यांनी १९६६ मध्ये घातला. सोडियम इट्रियम फ्लोराइडच्या षटकोनी स्फटिकात साधारण २० टक्के यटर्बियम आणि २ टक्के अर्बियम मिसळले की ९८० नॅनोमीटरच्या लेझरखाली ५४० च्या आसपास हिरवा आणि ६५५ च्या आसपास तांबडा प्रकाश मिळतो. अर्बियमऐवजी थुलियम घातले तर ४७५ ला निळा आणि ८०० ला अदृश्य अवरक्त. कागद, शाई, गोंद, धूळ यांपैकी जवळजवळ कशालाच ९८० ने दृश्य चमक येत नाही, त्यामुळे पार्श्वभूमी काळी राहते. कार्यक्षमता मात्र फार कमी असते, नॅनोकणांत ती बहुतेकदा एका टक्क्यापर्यंतही पोहोचत नाही, आणि म्हणून कणाभोवती लँथॅनाइड न मिसळलेले निष्क्रिय कवच चढवणे ही चैन समजू नये.

दीर्घकाळ चमकणाऱ्या पदार्थांत युरोपियम आणि डिस्प्रोसियम मिसळलेले स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट सर्वांत परिचित आहे. त्याची ५२० नॅनोमीटरच्या आसपासची हिरवी चमक दिवा बंद केल्यावर तासन्‌तास टिकते, हे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. तो दळून नॅनोआकारात आणला की तेज झपाट्याने घटते, आणि पाण्याशी त्याचे जमत नाही.

पायरी ३: संकेताची रचना

समजा, आपल्याकडे एकाच रंगाच्या दोन शाया आहेत. दोन्हींत युरोपियम आहे, पण कणांची घडण वेगळी असल्यामुळे पहिलीचा क्षयकाल, म्हणजे चमक मूळच्या सुमारे ३७ टक्क्यांवर उतरायला लागणारा वेळ, ०.४ मिलिसेकंद आहे आणि दुसरीचा १.६ मिलिसेकंद. एका चौकटीत पहिल्या शाईने ठिपके भरले आणि त्यांतले काही ठिपके दुसऱ्या शाईने छापले, तर यूव्ही दिव्याखाली सगळी चौकट सारखीच तांबडी दिसते. डोळा किंवा साधा कॅमेरा काहीही वेगळे सांगू शकत नाही. आता दिव्याचा झोत क्षणभर देऊन बंद करावा आणि १.६ मिलिसेकंद थांबून वाचन घ्यावे. पहिल्या शाईच्या दृष्टीने चार क्षयकाल उलटले, तिचा जेमतेम १.८ टक्के प्रकाश उरला. दुसरीचा एकच क्षयकाल गेला, तिचा सुमारे ३७ टक्के प्रकाश शिल्लक आहे. वीसपट फरकाने चौकटीतला लपलेला आकडा उमटतो. कागदातले पांढरेपणा आणणारे रसायन काही नॅनोसेकंदांतच विझलेले असल्यामुळे पार्श्वभूमीचा प्रश्नही त्याच फटक्यात सुटतो.

यासाठी महागडे यंत्र लागतेच असे नाही. स्पंद देता येणारा यूव्ही एलईडी, योग्य गाळणी लावलेला फोटोडायोड आणि मायक्रोसेकंदांचे भान असलेला साधा मायक्रोकंट्रोलर एवढ्यावर मिलिसेकंदांचा क्षयकाल मोजता येतो. मोबाइलचा कॅमेरा मात्र सेकंदाला ३० चित्रे घेत असेल तर दोन चित्रांमध्ये ३३ मिलिसेकंद जातात, आणि तोवर युरोपियमचा खेळ आटोपलेला असतो. मोबाइलवरच तपासणी हवी असेल तर शेकडो मिलिसेकंद रेंगाळणारे पदार्थ निवडावेत, आणि मोबाइलच्या फ्लॅशमध्ये अतिनील भाग जवळजवळ नसतो, ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा भाग असतो, हे लक्षात ठेवून त्या निळ्याने उद्दीपित होणारा पदार्थ घ्यावा.

अपकन्व्हर्जनमध्ये लेझरची शक्ती हाच प्रश्न बनवता येतो. थुलियमचा ८०० नॅनोमीटरचा प्रकाश दोन फोटॉनांतून आणि ४७५ चा तीन फोटॉनांतून तयार होतो. कमी शक्तीच्या पल्ल्यात लेझर दुप्पट केला की पहिला सुमारे चौपट आणि दुसरा आठपट वाढतो, म्हणजे त्यांचे गुणोत्तर दुप्पट होते. दिसायला तसाच निळा प्रकाश देणाऱ्या नेहमीच्या रंगद्रव्याला हे वागणे जमणार नाही. शक्ती फार वाढवली की हा नियम सपाट होत जातो, म्हणून वाचक यंत्रात वापरायच्या दोन शक्ती प्रत्यक्ष मोजून निश्चित कराव्यात.

संकेत ठरवताना माझा आग्रह असा आहे की निदान दोन प्रश्न एकमेकांपासून स्वतंत्र असावेत. रंग आणि क्षयकाल, किंवा गुणोत्तर आणि त्या गुणोत्तराचा शक्तीनुसार होणारा बदल. आणि निकाल तीव्रतेच्या निव्वळ आकड्यावर कधीच टाकू नये. शाईचा थर, धूळ, वाचकाचे अंतर या सगळ्यांनी तो बदलतो, गुणोत्तर आणि काळ यांना मात्र त्याची फारशी झळ बसत नाही.

पायरी ४: कण तयार करणे

सरावासाठी कार्बन डॉटपासून सुरुवात करावी. सुमारे १.०५ ग्रॅम सायट्रिक आम्ल १० मिलिलिटर शुद्ध पाण्यात विरघळवून त्यात ०.३३५ मिलिलिटर इथिलीनडायअमाइन घालावे आणि हे द्रावण टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या पोलादी ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखाली तापवायच्या बंद भांड्यात) २०० अंश सेल्सिअसला ५ तास ठेवावे. इथिलीनडायअमाइन दाहक आहे, त्याची वाफ श्वासात जाऊ नये, म्हणून हे काम धूरकपाटातच हातमोजे आणि चष्मा घालून करावे. ऑटोक्लेव्ह दोन तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. तपकिरी झाकेचे द्रावण गाळून डायलिसिसच्या पिशवीत ठेवावे आणि बाहेरचे पाणी अनेकदा बदलावे. ही शेवटची पायरी कंटाळवाणी वाटली तरी टाळू नये, कारण या अभिक्रियेत चमकणारे लहान सेंद्रिय रेणूही तयार होतात, आणि ते काढले नाहीत तर आपण मोजतो ती चमक कणांची आहे की रेणूंची, हे सांगता येत नाही.

हे कण पाण्यात निळे तळपतात, पण द्रावण काचेवर वाळवले की चमक बहुतांशी मावळते, कारण कण एकमेकांना चिकटून परस्परांचा प्रकाश विझवतात. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारख्या पॉलिमरमध्ये ते विरळ विखरून ठेवले की चमक टिकते.

अपकन्व्हर्जन कणांची कृती याच सहजतेने सांगता येणार नाही. ओलेइक आम्ल आणि ऑक्टाडेसीन यांच्या मिश्रणात, निष्क्रिय वायूखाली, ३०० अंशांच्या आसपास ती चालते, आणि तापमान किंवा वेळ थोडी हुकली की षटकोनी स्फटिकांऐवजी मंद चमकणारे घनाकृती स्फटिक हाती येतात. ज्यांच्याकडे ही सोय नाही त्यांनी तयार कण विकत घ्यावेत आणि आपली मेहनत संकेत व वाचक यंत्र यांवर खर्च करावी. विकत घेतलेल्या कणांवर बहुधा ओलेइक आम्लाचा तेलकट थर असतो. ते सायक्लोहेक्झेन किंवा टोल्युइनमध्ये विखुरतात, पाण्यात नाही. पाण्यातल्या शाईसाठी तो थर आम्लाने काढून टाकावा लागतो किंवा त्याच्या जागी पॉलिअॅक्रिलिक आम्ल बसवावे लागते.

पायरी ५: शाई

चांगले कण खराब शाईत घालून वाया गेलेले मी पाहिले आहेत. इंकजेटसाठी शाईचा दाटपणा, म्हणजे पाठ्यपुस्तकातली विष्यंदिता, साधारण ८ ते १५ मिलिपास्कल-सेकंद आणि पृष्ठताण मीटरमागे ३० मिलिन्यूटनच्या आसपास असावा. थेंब नीट सुटेल की नाही याचा अंदाज एका गुणोत्तराने येतो: पृष्ठताण, घनता आणि नोझलचा व्यास यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून त्याला दाटपणाने भागावे. उत्तर १ ते १० मध्ये असेल तर थेंब गोल आणि एकटा पडतो. ५० मायक्रोमीटरचे नोझल, ३० चा पृष्ठताण, पाण्याइतकी घनता आणि १० चा दाटपणा घेतला तर उत्तर सुमारे ३.९ येते. त्याच नोझलमधून साधे पाणी सोडले तर ते ६० च्या आसपास जाते. मुख्य थेंबामागे बारीक थेंबांची शेपटी पडते आणि छापलेल्या चौकटीच्या कडा विस्कटतात. ग्लिसरॉल किंवा इथिलीन ग्लायकॉल घालून दाटपणा वाढवावा आणि थोड्या पृष्ठसक्रियकाने (साबणासारख्या द्रव्याने) पृष्ठताण उतरवावा.

गुठळ्या हा दुसरा शत्रू आहे. कण किंवा त्यांची गुठळी नोझलच्या व्यासाच्या पन्नासाव्या हिश्श्यापेक्षा मोठी नसावी. शाई अल्ट्रासोनिक बाथमध्ये ठेवून नंतर ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून काढावी, आणि गाळणीवर यूव्ही किंवा ९८० चा झोत टाकून पाहावा. गाळणीच जोरात चमकली, तर आपले अर्धे कण तिथेच अडकले आहेत असे समजावे.

पुढची गोष्ट भिंगाखाली पाहण्यासारखी आहे. शाईचा एक थेंब काचपट्टीवर ठेवून वाळू द्यावा. थेंबाच्या कडेला बाष्पीभवन वेगाने होते, मधले द्रव कडेकडे ओढले जाते आणि आपल्याबरोबर कण वाहून नेते. वाळल्यावर मधला भाग फिका आणि कडेला तेजस्वी कडे, अशी आकृती उरते. कॉफीच्या डागाला जी गडद कड येते तीच ही, आणि तिचे भौतिकी स्पष्टीकरण १९९७ मध्ये दिले गेले. संकेताच्या चौकटीत असे कडे आले की वाचक यंत्र मधल्या जागेला रिकामी समजते. उशिरा उडणारा द्रावक थोड्या प्रमाणात मिसळला की आतल्या दिशेचा प्रवाह तयार होतो आणि थर सारखा बसतो. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये हा त्रास जवळजवळ नसतो, कारण तिथली शाई कितीतरी दाट असते; प्रत्येक नगावर वेगळा संकेत छापायचा नसेल तर मी स्क्रीनच निवडेन.

पायरी ६: कागद, लॅमिनेशन आणि वार्निश

नेहमीच्या पांढऱ्या कागदावर यूव्ही टॉर्च मारली की तो स्वतःच निळसर उजळतो. त्यावर निळ्या कार्बन डॉटची खूण छापणे म्हणजे चुन्याच्या भिंतीवर खडूने लिहिणे होय. पारपत्र आणि चलनी नोटा यांच्यासाठी अतिनील प्रकाशात न उजळणारा कागद वापरतात तो याच कारणाने. तो मिळत नसेल तर तांबडी युरोपियमची खूण, कालावधीवर आधारित वाचन किंवा ९८० चे उद्दीपन यांपैकी एक मार्ग घ्यावा.

वरून चढवल्या जाणाऱ्या थराकडेही पाहावे. अनेक लॅमिनेशन फिल्ममध्ये ऊन लागून पिवळेपणा येऊ नये म्हणून अतिनील शोषून घेणारे रसायन मिसळलेले असते, आणि मग आपली खूण टॉर्चला दिसतच नाही. छपाईची मोठी खेप काढण्यापूर्वी नेमक्या त्याच फिल्मचा तुकडा खुणेवर ठेवून वाचन घ्यावे.

पायरी ७: प्रत्येक नगाला स्वतःचा ठसा

आतापर्यंतच्या खुणा एका खेपेतल्या सर्व नगांवर सारख्या असतात. यापुढचा टप्पा म्हणजे कण मुद्दाम यादृच्छिक पसरू देणे. पारदर्शक रेझिनमध्ये विरळ कण मिसळून त्याचा ठिपका टाकला, की प्रत्येक ठिपक्यातली कणांची मांडणी वेगळी येते आणि ती मांडणी बनवणाऱ्यालाही पुन्हा जमवता येत नाही. प्रकाशाच्या यादृच्छिक विखुरण्यातून असा भौतिक, एकदिशा (वाचता येतो, पण पुन्हा घडवता येत नाही असा) ठसा मिळवण्याची कल्पना एमआयटीतील संशोधकांनी २००२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडली होती.

ठिपक्याचे छायाचित्र घेऊन त्याच्या कडांना लावलेल्या खुणांवरून ते सरळ करावे, त्याचे जाळ्यात भाग पाडावेत आणि शेजारच्या भागांच्या तेजाची तुलना करून प्रत्येक तुलनेतून एक बिट घ्यावी. १२८ बिटांचा ठसा धरला, तर दोन वेगवेगळ्या ठिपक्यांमध्ये सरासरी निम्म्या बिटा वेगळ्या निघाव्यात आणि प्रमाण विचलन सुमारे ४.४ टक्के असावे. एकाच ठिपक्याच्या दोन वाचनांत मात्र फरक शून्याच्या जवळ हवा. २५ टक्क्यांवर सीमारेषा आखली तर ती अनोळखी ठिपक्यांच्या सरासरीपासून साडेपाच प्रमाण विचलनांहूनही दूर पडते, म्हणजे चुकून स्वीकार होण्याची शक्यता फारच कमी राहते. हा हिशेब सगळ्या बिटा खरोखर स्वतंत्र असतील तरच लागू होतो. कणांच्या गुठळ्या मोठ्या असतील तर शेजारच्या बिटा एकमेकींच्या मागे जातात आणि १२८ पैकी उपयोगाच्या ४०-५०च उरतात. निदान काही शेकडो ठिपक्यांवर मोजून हा वितरणाचा आलेख प्रत्यक्ष काढल्याशिवाय सीमारेषा ठरवू नये.

नोंदणीकृत ठसे सर्व्हरवर ठेवावेत किंवा डिजिटल सहीसह (गुप्त किल्लीशिवाय करता न येणाऱ्या सांकेतिक सहीसह) शेजारच्या क्यूआर कोडमध्ये छापावेत. या दुसऱ्या मार्गाने जाळे नसतानाही पडताळणी होते, आणि नुसता क्यूआर कोड झेरॉक्स करून काहीच साधत नाही, कारण त्यातली सही शेजारच्या ठिपक्याशी जुळावी लागते.

पायरी ८: वाचक यंत्र आणि डोळ्यांची काळजी

९८० नॅनोमीटरचा लेझर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पापणी मिटण्याची नैसर्गिक प्रतिक्रिया होत नाही, आणि नेमका यामुळेच तो तेवढ्याच शक्तीच्या हिरव्या लेझरपेक्षा धोकादायक ठरतो. त्या तरंगलांबीसाठी बनवलेलाच चष्मा वापरावा, झोत कधीही डोळ्यांच्या पातळीवर ठेवू नये, आणि हातातल्या यंत्रात झाकण उघडताच लेझर बंद पडेल अशी कळ बसवावी. कॅमेऱ्यासमोर अवरक्त अडवणारी गाळणी असावी, नाहीतर परत फेकला गेलेला लेझरच चित्र भरून टाकतो. पाणी ९८० चा प्रकाश शोषते, त्यामुळे ओलसर नमुना तापतो. असा माल असेल तर निओडिमियम मिसळलेले आणि ८०८ नॅनोमीटरने उद्दीपित होणारे कण घ्यावेत.

यंत्राची चाचणी फक्त अस्सल नमुन्यांवर करून भागत नाही. अस्सल नमुना, कोरा कागद, खुणेची झेरॉक्स, बाजारातल्या यूव्ही शाईने काढलेली नक्कल, सोलून दुसरीकडे चिकटवलेले लेबल आणि मळलेला अस्सल नमुना, हे सगळे क्रम बदलून तपासणाऱ्याला द्यावेत आणि कोणता नमुना काय आहे हे त्याला सांगू नये. अस्सल नाकारला जाण्याचे आणि बनावट स्वीकारला जाण्याचे प्रमाण वेगवेगळे लिहावे. दोन्हींची किंमत वेगळ्या माणसांना मोजावी लागते.

पायरी ९: गुपित कुठे ठेवायचे

२००२ मध्ये युरोच्या नव्या नोटा चलनात आल्या त्याच वर्षी उत्रेख्त विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांनी त्यांचा वर्णपट घेऊन, तांबड्या चमकीमागे युरोपियम असल्याचे दाखवून दिले. नोटांची सुरक्षा त्यामुळे कोसळली नाही, कारण ती एका मूलद्रव्याच्या नावावर उभी नव्हती. आपला आराखडा या प्रसंगासमोर उभा करून पाहावा: आपल्या शाईत काय आहे हे उद्या कोणी छापून टाकले, तर काय उरते? ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये सांकेतिक लेखनासाठी सांगितलेले तत्त्व, की पद्धत शत्रूला कळली तरी किल्ली गुप्त असेपर्यंत यंत्रणा सुरक्षित राहावी, इथे जसेच्या तसे लागू पडते. क्षयकालांचे नेमके मिश्रण, वाचनाच्या शक्तींची जोडी आणि डिजिटल सहीची खासगी किल्ली यांना किल्ली माना, आणि पहिल्या दोन गोष्टी खेपेगणिक बदलता येतील अशी सोय ठेवा.

पायरी १०: जुने होणे

खूण वस्तूपेक्षा आधी मेली तर अस्सल मालच बनावट ठरतो. म्हणून ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेत काही आठवडे, निळ्या लोकरीच्या प्रमाणपट्टीशेजारी (प्रकाशाने रंग किती विटतो हे जोखायची पट्टी) तीव्र प्रकाशात, आणि ठरावीक वजनाखाली घासून, अशा तीन चाचण्या वेगवेगळ्या आणि नंतर एकत्र कराव्यात. दर वेळी वर्णपट आणि क्षयकाल दोन्ही नोंदवावेत. दोन पदार्थांच्या गुणोत्तरावर संकेत असेल तर इथे एक सापळा असतो: क्वांटम डॉट आणि लँथॅनाइड एकत्र वापरले तर दोघे वेगवेगळ्या वेगाने फिके पडतात आणि गुणोत्तर हळूहळू सीमारेषेकडे सरकते. एकाच स्फटिकातल्या दोन वर्णरेषांचे गुणोत्तर घेतले की हा त्रास बराच कमी होतो.

छपाई सुरू झाल्यावर प्रत्येक खेपेतले दहा-वीस नमुने लिफाफ्यात बंद करून अंधारात, कोरड्या जागी ठेवावेत आणि तितकेच नमुने उजेडात, उघड्यावर. लिफाफ्यावर शाईची खेप, छपाईची तारीख, लॅमिनेशनचा रोल आणि पहिल्या दिवसाचे वाचन लिहावे. दोन्ही गठ्ठ्यांचे वाचन दर महिन्याला त्याच यंत्रावर घ्यावे. बाजारातून संशयित नग परत आला, की तो आधी त्याच खेपेच्या या दोन गठ्ठ्यांशी ताडून पाहावा आणि मगच बनावट म्हणून त्यावर शिक्का मारावा.